साध्या तारा की कोटेड? घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी

अकूस्टिक गिटारला साध्या तारा लावायच्या की कोटेड, म्हणजे वरून पातळ लेप दिलेल्या, हे मी बरीच वर्षं आलटूनपालटून करून बघितलं आणि शेवटी एका बाजूला स्थिरावलो. ज्या कारणाने स्थिरावलो ते तारांच्या पाकिटावर छापलेलं नसतं आणि दुकानात पाच मिनिटं वाजवून कळतही नाही. ते कळतं घरी रेकॉर्डिंग करताना, आणि तेही पहिल्या नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला. म्हणून हे लिहितोय ते मुख्यतः अशांसाठी, जे खोलीत एक मायक्रोफोन लावून वाजवतात, जमेल तसं तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड करतात आणि तयार झालेलं मित्रांना पाठवतात किंवा इंटरनेटवर टाकतात. मंचावर वाजवणाऱ्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. त्यांच्या बाबतीत मी ठामपणे काही सांगणार नाही.

आधी साध्या तारांची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे.

नव्या साध्या तारांचा पहिला दिवस ज्याने अनुभवलाय त्याला वेगळं सांगायला नको. मोकळा 'जी' (G) कॉर्ड छेडला की सहाच्या सहा तारा सुट्या ऐकू येतात, खर्जाच्या ई तारेतसुद्धा धातूची झळाळी असते आणि हात उचलल्यावरही नाद खोलीत रेंगाळतो. कोटेड तारांमध्ये हा पहिला दिवस मला कधीच तितका मिळालेला नाही. त्यांचा आवाज नव्यानेही किंचित आवरलेला वाटतो. पातळ लेपाच्या तारांमध्ये हा फरक इतका थोडा असतो की डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर मी पैज लावणार नाही. पण शेजारी-शेजारी वाजवल्या तर जाणवतो.

साध्या तारांतही दोन स्वभाव आहेत. ८०/२० ब्राँझ म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. त्यांचा आवाज जास्त खणखणीत, पण तो भर ओसरतोही लवकर. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्यासोबत कथील आणि नावापुरता फॉस्फरस असतो. तारा बनवणाऱ्या डॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये या बाजारात आणल्या. त्यांचा आवाज जरा गोल, भरीव, आणि त्या टिकतातही थोड्या जास्त. साध्याच घ्यायच्या असतील आणि रेकॉर्डिंग करायचं असेल तर फॉस्फर ब्राँझ घ्या, एवढं बिनधास्त सांगतो.

साध्या तारांचा दुसरा फायदा फारसा कुणी बोलून दाखवत नाही, पण गिटारच्या तब्येतीच्या दृष्टीने तो मोठा आहे. त्या लवकर उतरतात म्हणून लवकर बदलाव्या लागतात, आणि बदलताना गिटार नीट बघितली जाते. एरवी तारांच्या आड असलेला फ्रेटबोर्ड तेव्हाच मोकळा होतो. फ्रेटच्या, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडेला साचलेली काळी रेघ दिसते, लाकूड कोरडं पडून पांढुरकं झालंय का ते कळतं, खुंटीखालचा नट सैल होऊन खडखडतोय का तेही हाताला लागतं. ब्रिजच्या मागची कड उचलली गेलीय का, हे कागदाचा तुकडा सरकवून बघायची वेळही तीच. दर महिन्या-दीड महिन्याने तारा बदलणाऱ्याची गिटार आपोआप तपासली जाते. कोटेड तारा लावणाऱ्याला हे लक्षात ठेवून, वेगळा वेळ काढून करावं लागतं, आणि माणूस टाळाटाळ करतोच.

तिसरी गोष्ट बोटांची. उघड्या धातूला एक पकड असते. ज्यांची सवय त्या पकडीवर बसलीय त्यांना कोटेड तार निसरडी वाटते. मला वाटली होती, मग वाटेनाशी झाली. सगळ्यांचं तसं होईलच असं नाही; आजही काही चांगले वादक केवळ या एका कारणाने कोटेड तारांना हात लावत नाहीत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

आणि ज्यांना उतरलेल्या तारांचाच आवाज आवडतो त्यांच्यासाठी तर हा प्रश्नच नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन तार तुटेपर्यंत बदलत नसे, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं, आणि त्याच्या बासचा तो दबका, मांसल आवाज जगभर वाखाणला गेला. त्याच्या तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत होत्या, त्यामुळे अकूस्टिक गिटारशी थेट तुलना नको. पण जुनी तार म्हणजे वाईट तार असं समीकरण नाही, एवढं त्यावरून खरं.

मग अडचण कुठे येते? तार उतरते कशी, हे बघितलं की कळतं.

जाड तारांमध्ये आतून पोलादी गाभा असतो आणि त्यावर ब्राँझची तार गुंडाळलेली असते. या वेटोळ्यांच्या फटींत घाम, बोटांचं तेल, त्वचेचा भुसा जाऊन बसतो. तार त्या मळाने जड होते, तीही सगळीकडे सारखी नाही, आणि मळ कंपनं गिळतो. सगळ्यात आधी जातात ते वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीत उमटणारे बारीक वरचे सूर. खालची ई तार ८२ हर्ट्झला कंप पावते, पण आपण जिला तिची झळाळी म्हणतो ती २,००० हर्ट्झच्या पुढची असते, म्हणजे साधारण तिच्या पंचविसाव्या हार्मोनिकपासून पुढची. ही वरची मंडळी मुळातच अशक्त असतात, थोड्या मळानेही गप्प होतात. मूळ सूर तसाच राहतो, ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, आणि तरी तार बद्द वाजते.

त्यात ब्राँझ काळं पडतं, आणि फ्रेटवर दाबून दाबून तारेच्या पोटाला खाचा पडतात. नख तारेखालून फिरवलं तर फ्रेटच्या बरोबर वर त्या हाताला लागतात. या खाचा कोटेड तारांनाही पडतात, लेप काही त्यांना अडवत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तार संपली की नाही हे ओळखायची माझी खूण अशी: बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवायचा, मग तिथेच दाबून सूर वाजवायचा. नव्या तारेवर दोन्ही जुळत होते आणि आता जुळत नसतील, तर तार गेली. मग ती साधी असो की कोटेड.

घामाचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाच पाकिटातल्या तारा एका हातावर महिनाभर ताज्या राहतात आणि दुसऱ्या हातावर आठवड्यात काळ्या पडतात. म्हणून टिकाऊपणाबद्दल इथे जे सांगतोय ते माझ्या हातांपुरतं धरा. माझा हात मध्यम घामाचा आहे, मी वाजवण्याआधी हात धुतो आणि नंतर प्रत्येक तार कापडाच्या चिमटीत धरून वरून-खालून पुसतो.

ज्या कटकटीने ठरवलं

मी बहुतेक बोटांनी वाजवतो, आणि एक रचना पूर्ण रेकॉर्ड व्हायला अनेक बैठका लागतात. सकाळी घर जागं व्हायच्या आत जो वेळ मिळतो त्यात सुरुवातीचा भाग होतो, शेवट कधी त्याच दिवशी होतो, आणि मधला अवघड भाग पुढच्या आठवड्यावर जातो. त्यासाठी मी सगळी शिस्त पाळतो. मायक्रोफोन बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर अंतरावर. खुर्चीचे पाय आणि स्टँडचे पाय कुठे होते त्याच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या. गेनचं बटण हलवायचं नाही. खिडकीचा पडदाही तसाच ओढलेला.

आणि एवढं करून पुढच्या आठवड्यात वाजवलेला तुकडा आधीच्या तुकड्यांमध्ये बसवला की जोड ऐकू येतो. लय बरोबर, सूर बरोबर, आवाजाची पातळी बरोबर. पण जिथे नवा तुकडा सुरू होतो तिथे गिटारवर कुणीतरी पांघरूण टाकल्यासारखं वाटतं, आणि तो संपला की पांघरूण काढून घेतल्यासारखं. ऐकणाऱ्याला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही, पण त्याचं लक्ष त्या क्षणी गाण्यावरून उडतं. माझ्यासाठी ते बेसूर वाजण्याइतकंच वाईट आहे.

पहिला उपाय कुणालाही सुचेल तो: त्या तुकड्याच्या वरच्या पट्ट्या इक्वलायझरने उचलायच्या. मी ५,००० हर्ट्झच्या आसपास हळूहळू वाढवत गेलो. खोलीची सरसर वाढली, नखाचा टकटक आवाज वाढला, झळाळी आली नाही. कारण उघड आहे. इक्वलायझर असलेलं वाढवतो. तारेने ते हार्मोनिक्स निर्माणच केले नसतील तर वाढवणार काय? उलट दिशेने, म्हणजे ताज्या तुकड्याला थोडं दाबून जुन्याशी जुळवता येतं, पण मग सगळ्या रेकॉर्डिंगची पातळी सगळ्यात वाईट दिवसावर आणून ठेवावी लागते.

दुसरा उपाय नव्या तारा लावण्याचा. त्याने जोड नाहीसा होत नाही, फक्त उलटा होतो: आता नवा तुकडा बाकीच्यांपेक्षा जास्त चमकतो. शिवाय नव्या तारा ताणून स्थिरावेपर्यंत सूर सोडत राहतात, दर दोन टेकनंतर ट्यूनर लावावा लागतो. साध्या तारांचा एक मधला काळ असतो, पहिल्या दिवसाचा कर्कशपणा गेलेला आणि बद्दपणा अजून न आलेला. रेकॉर्डिंगसाठी तोच उत्तम. पण तो मोजक्या दिवसांचा असतो, आणि नेमक्या त्या दिवसांत मला सवड असेल, घर शांत असेल आणि हातही चालत असेल, हे जुळून येणं कठीण.

इतरांबरोबर काम करताना हे आणखी टोचतं. माझा एक गाणारा मित्र दुसऱ्या गावी असतो. मी गिटारचा ट्रॅक पाठवतो, तो त्यावर गाऊन परत पाठवतो, आणि तेव्हा कळतं की अंतऱ्याच्या आधी दोन बार (तालाची दोन आवर्तनं) जास्त हवेत, त्याला श्वास घ्यायला जागा नाही. मधे पंधरा दिवस, कधी महिना गेलेला असतो. दोघांनाही आपापली कामं आहेत, त्याला कोण काय करणार? पण तेवढ्या दोन बारांसाठी साध्या तारांवर मला अख्खा गिटारचा ट्रॅक पुन्हा वाजवावा लागत असे. चांगला जमून आलेला टेक केवळ तारा उतरल्या म्हणून टाकून द्यायचा, हे मला पटत नव्हतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्याजोगा आहे. शेवटी गाणं ऐकलं जाणार फोनवर, तेही आकुंचित केलेल्या फाइलमधून; तिथे तारांची झळाळी कुणाला कळते? झळाळी किती आहे ते कळत नाही, हे मान्य. फोनच्या छोट्या स्पीकरवर नव्या आणि जुन्या तारा मलाही चटकन ओळखता येणार नाहीत. पण ती मधेच बदलली तर ते कळतं. कान सवयीचा असतो. सलग बद्द आवाज तो स्वीकारतो, सलग चमकता आवाजही स्वीकारतो, एका क्षणात झालेला बदल मात्र पकडतो. माझी अडचण मुळात झळाळीची नव्हतीच, सातत्याची होती.

कोटेड तारांवर काय बदललं

कोटेड तारा कायम ताज्या राहतात असं मी म्हणणार नाही. त्याही उतरतात. पण त्यांची उतरण लांबवर पसरलेली, जवळजवळ सपाट असते. पहिले दोन-तीन दिवस सोडले तर पुढचे कितीतरी आठवडे त्या एका ठिकाणी टिकून राहतात, आणि ते ठिकाण साध्या तारांच्या त्या मधल्या काळाच्या बऱ्यापैकी जवळचं आहे. मित्राचा निरोप आला की दोन बार हवेत, तर मी खुणांवर खुर्ची ठेवतो, मायक्रोफोन लावतो, दोन बार वाजवतो. जोड शोधायला गेलं तर मला स्वतःला सापडतो, पण माहीत नसलेल्याला सापडलेला मी अजून पाहिलेला नाही.

लेपांमध्येही फरक आहे, आणि निवड करताना तो कळलेला बरा. एलिक्सर तारा बनवणारी गोर ही तीच कंपनी, जिच्या बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या कुळातलं द्रव्य ताणून त्याचा सच्छिद्र पापुद्रा करता येतो हे शोधलं; पाणी न शिरणारी जॅकेटं त्यातूनच आली. त्यांच्या तारांवर लेप गुंडाळणी झाल्यावर वरून दिला जातो, त्यामुळे वेटोळ्यांमधल्या फटीही झाकल्या जातात. पॉलीवेब जाड, नॅनोवेब पातळ. डॅडारिओने काही मालिकांत उलटा मार्ग घेतला: गुंडाळायच्या तारेलाच आधी लेप द्यायचा, मग ती गाभ्यावर गुंडाळायची. अशी तार हाताला जवळजवळ साधीच लागते, पण फटी उघड्या राहतात आणि मळाला वाट मिळते. माझं मत पहिल्या पद्धतीच्या पातळ लेपाकडे झुकतं. जाड लेप मला आवाजातही जाणवला आणि बोटांखालीही.

बहुतेक सेटमध्ये वरच्या दोन बारीक तारांवर, बी आणि ई वर, हा पापुद्रा नसतो. त्यांना गंजरोधक मुलामा असतो. म्हणून वरची ई तुटली तर त्याच जाडीची सुटी पोलादी तार लावली तरी आवाजात विजोड वाटत नाही. गुंडाळलेल्या तारांपैकी 'जी' (G) तारेचा गाभा सगळ्यात बारीक असतो, म्हणून ती कधीकधी तुटते. तेव्हा मात्र उतरलेल्या साध्या सेटमध्ये एकटी नवी 'जी' अशी वेगळी पडते की बाकीच्या पाचही बदलाव्याशा वाटतात. कोटेड सेटमध्ये तो विजोडपणा कमी असतो.

न मागता मिळालेला फायदा म्हणजे बोटांची चिरचिर. कॉर्ड बदलताना बोटं जाड तारांवरून सरकतात आणि वेटोळ्यांवरून घासून जो आवाज येतो, तो समोर बसून ऐकणाऱ्याला फारसा जाणवत नाही. वीतभर अंतरावरच्या मायक्रोफोनला मात्र तो स्पष्ट दिसतो, आणि संथ रचनेत प्रत्येक कॉर्डआधी एक चीत्कार ऐकू येतो. काहींना तो जिवंतपणाचा भाग वाटतो, थोडा असेल तर मलाही. पण मी पूर्वी रेकॉर्डिंगनंतर एकेक चिरचिर शोधून तिची पातळी खाली आणत बसायचो, आणि त्या कामात संगीत काहीच नव्हतं. फटी झाकलेल्या तारेवर बोट जवळजवळ निःशब्द सरकतं. ते काम आता अगदीच थोडं उरलंय. जोडाचा त्रास नसता तरी केवळ यासाठी मी कोटेड तारांचा विचार केला असता, असं वाटतं.

आता कोटेड तारांचा दोष, कारण तो झाकण्यात अर्थ नाही. लेप सुटतो. जिथे पिक किंवा नख पुन्हापुन्हा लागतं तिथे, ध्वनिरंध्राच्या जरा मागे, आधी तार मातकट दिसते, मग बारीक पांढरे धागे निघतात. जाड लेपात हे जास्त, आणि जोराने स्ट्रमिंग करणाऱ्यांकडे फार लवकर. आवाजावर मला त्याचा लगेच परिणाम जाणवला नाही, पण नखात तो धागा अडकला की लक्ष विचलित होतं. धागा ओढायचा नाही. ओढला की फ्रेटबोर्डापर्यंत सोलत जातो. बारीक कात्रीने तारेलगत कापायचा. एकदा का डाव्या हाताच्या बाजूला, पहिल्या तीन फ्रेटच्या टापूत लेप फाटला, की मात्र मळ आत शिरतो आणि तार भराभर उतरते. तिथे मग थांबण्यात अर्थ नाही.

दुसरा दोष वर सांगितलाच: गिटार दुर्लक्षित राहते. तीन-चार महिने तारा निघतच नाहीत. यावर मी एवढंच करतो की ऋतू बदलला की तारा चांगल्या असोत-नसोत, सैल करून गिटारची पाहणी करतो. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत असावी असं बरेच गिटार बनवणारे सांगतात. ती खाली गेली की फ्रेटच्या कडा हाताला बोचू लागतात, वर गेली की पुढची फळी फुगून तारा फ्रेटबोर्डापासून उंच जातात. हे तारांच्या प्रकारावर अवलंबून नाही, पण साध्या तारांवर ते वेळेत लक्षात येतं आणि कोटेडवर राहून जाऊ शकतं. तारा सैल करून पुन्हा चढवताना हळू चढवा. १२-५३ च्या सेटचा (हे आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) एकूण ताण ७० किलोंच्या वर असतो, नेकला तो सावकाश पेलू द्यावा.

पैशाचं म्हणाल तर कोटेड सेट साध्याच्या दुपटीच्या आसपास पडतो. माझ्या हातावर तो दुपटीहून बराच जास्त टिकतो, म्हणून मला तो महाग पडत नाही. पण ज्याच्या तारा उतरण्याआधी तुटतात, किंवा जो अजून कुठली जाडी हाताला बसते याच्या शोधात आहे आणि दर सेटला १० पासून १३ पर्यंत काहीतरी नवं करून बघतोय, त्याने कोटेडवर खर्च करू नये. शिकणाऱ्याने तर तारा चढवण्याचा सराव साध्या तारांवरच करावा. खुंटीवर दोन-तीन वेढे नीट बसवणं, ब्रिज-पिन दाबून तार वर ओढून बॉल आत अडकला की नाही ते बघणं, हे हात बसायला काही सेट जावे लागतात.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत मी इतका आग्रही नाही. तिथे निकेलचा मुलामा दिलेल्या तारा मुळात ब्राँझपेक्षा हळू उतरतात, आणि अँप्लिफायर, पेडल यांच्यातून जाताना वरची झळाळी हवी तशी घडवता येते. माझ्या इलेक्ट्रिकवर साध्याच तारा आहेत. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला हा सगळा ऊहापोह लागूच नाही. तिथे खालच्या तीन गुंडाळलेल्या तारा आधी उतरतात, वरच्या तीन पुष्कळ चालतात, आणि काही जण खालच्या तीनच बदलतात.

घरात दोन अकूस्टिक असतील तर निवड सोपी होते. जिच्यावर रोज हात बसतो, मित्र आले की जी फिरते, तिच्यावर साध्या फॉस्फर ब्राँझ ठेवा; बदलायचा कंटाळा नसेल तर त्या पहिल्या काही दिवसांचा आनंद दुसऱ्या कशात नाही. जी मायक्रोफोनसमोर जाते तिच्यावर पातळ लेपाच्या. आणि जी कमी वाजते तिच्यावरही कोटेडच बऱ्या, कारण तार न वाजवताही नुसत्या हवेने काळी पडते. एकच गिटार असेल आणि तुम्ही सलग बसून एका दमात रेकॉर्डिंग उरकणारे असाल, तर साध्या तारांवर तुमचं काही अडणार नाही. तुकडे जोडणारे असाल, किंवा तुमचा ट्रॅक दुसऱ्या कुणाकडे जाऊन परत येत असेल, तर मला तरी कोटेडशिवाय पर्याय दिसत नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका, पडताळून बघा. पुढच्या वेळी तारा बदललीत की एक छोटा तुकडा ठरवा: सहा मोकळ्या तारा एकेक, मग एक 'जी' कॉर्ड, मग पहिल्या फ्रेटपासून पाचव्यापर्यंत जाड तारांवरून सरकत जाणारी एखादी ओळ. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, ट्यूनिंग झाल्यावर आणि मायक्रोफोन त्याच जागी ठेवून, तो वाजवा आणि फाइलला तारीख द्या. महिन्याभराने त्या फाइली एकापाठोपाठ एक लावून ऐका, मोकळ्या ई तारेच्या शेपटाकडे विशेष लक्ष द्या. पुढचा सेट दुसऱ्या प्रकारचा घेऊन तेच पुन्हा करा. तुमच्या हाताचा घाम, तुमची खोली आणि तुमची गिटार यांचं उत्तर त्या दोन रांगांतच मिळेल.